तांबळडेगचा ग्रुप फोटो

हंगाम संपला की कंपनी आम्हाला समुद्रावर नेते.
जामसंड्याहून तांबळडेगला, दोन टेम्पो ट्रॅव्हलर,
बॅनरवर 'आनंद सोहळा', खाली मालकांचा फोटो,
त्याखाली आंब्याचा. आंबा जास्त चांगला आलेला.

मी लॅबमध्ये असते.
रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरायचा,
डोळा लावून आकडा वाचायचा.
सोळाच्या खाली आला तर टाकी थांबवायची.
माझ्या सहीने चार टनांची टाकी थांबते.
हे सांगितलं, कारण त्या संध्याकाळी
माझ्याच्याने एक हात थांबला नाही.

बिर्जेसर. विक्री विभाग. दुबईच्या ऑर्डरी त्यांच्याच.
"आज सर नाही म्हणायचं, आज फॅमिली,"
आणि मग माइकवरून, माझं नाव घेऊन:
लॅबवाल्या मॅडम सगळ्यांची गोडी मोजतात,
त्यांची कोण मोजणार?
सगळे हसले. मीही.
बांगड्याचा काटा अडकला तर भाताचा गोळा गिळतात, जातो.
ते हसू अजून तिथेच आहे.

फोटोला उभे राहिलो. तीन रांगा,
सुरूच्या बनाकडे पाठ, समुद्राकडे तोंड.
"जवळ या, फ्रेममध्ये बसत नाही."
हात कमरेवर आला. मग खाली,
ड्रेसच्या शिवणीवरून, सावकाश,
पेटी घेण्याआधी दलाल आंबा दाबून बघतो तसा.
फोटोग्राफर म्हणाला, हसा.
मी मोजत होते. दुसरं काही येत नव्हतं.
नऊपर्यंत मोजलं.

तेवढ्यात मागे काहीतरी कलंडलं
आणि बिर्जेसरांच्या पांढऱ्या शर्टावर,
मानेपासून पाठभर,
अकरा ग्लास सोलकढी.
रिसॉर्टवाल्याने त्या बाईला सगळ्यांसमोर झापलं,
"डोळे फुटले काय?"
ती वाळूतून ग्लास वेचत राहिली.
मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही.
हेही लिहून ठेवते.

फोटो रात्रीच ग्रुपवर आला. अंगठे, गुलाब, हात जोडलेले.
पॅकिंगची दीपश्री दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाली,
"म्हणून तर मी दरवर्षी पहिल्या रांगेत खाली बसते."
मला वाटायचं, हिला वाळू आवडते.

समितीचा फलक जिन्याखाली आहे.
अध्यक्ष बाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त,
फोन लँडलाइनचा, लँडलाइन काढून टाकलेली.
ऑफिसात विचारलं तर म्हणाले,
पण हे कंपनीच्या आवारात झालं नाही ना?
नाही.
टेम्पो कंपनीचा, बॅनर कंपनीचा, जेवण कंपनीचं,
कमर तेवढी माझी.

रविवारी एकटीच गेले, एसटीने.
ती मागच्या बाजूला कोलंबी सोलत होती.
मला बघून हात थांबला नाही तिचा.
"बाय, फोटोत फुडला दिसता. मी मागे होतंय."
आणि थोड्या वेळाने, टोपलीकडे बघतच,
"ट्रे आपसून पडूक नाय."
दोन दिवसांची मजुरी कापली होती.
मी पाकीट काढलं. तिने ओले हात पदराला पुसले,
मोजून आठशे घेतले, जास्तीची नोट परत दिली.
"नाव घालतलंस तर पुरा घाल.
सत्यवती महादेव कुबल."

आता अर्ज समोर आहे. साक्षीदाराच्या रकान्यात
नाव पुरं लिहिलंय. बाकीचा कागद कोरा.
मोबाइलवर तोच फोटो, बोटांनी मोठा करून बघते:
बिर्जेसर हसताहेत, मी हसतेय,
आमच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत, धूसर,
एका ट्रेचा कोपरा
नुकता तिरका व्हायला लागलाय.